न दिलेली हाळी

ही गोष्ट नकुल लिहिणारच नव्हता.

दोनदा टाईप केली, दोनदा पुसली. 'मी' लिहिलं की बोट तिथंच अडायचं. शेवटी त्यानं 'मी' काढून टाकलं आणि त्या जागी 'नकुल' घातलं. मग कुठं बोटं चालायला लागली. नकुल मडावी, वय तेरा, मचाण क्रमांक सात. आता तो बराच मोठा झालाय, तरी ती सकाळ आठवली की त्याची कानशिलं गरम होतात.

सुरुवात एका कोड्यापासून झाली.

नकुलनं इंग्रजीत लिहिलं, 'द हिल लुक्स ग्रे.' डोंगर करडा दिसतोय. टेहळ्यानं वाक्य घेतलं. मग नकुलनं लिहिलं, 'इट लुक्स स्मोक.' टेहळ्यानं वाक्य परत केलं. नकुलनं पुन्हा तेच लिहिलं. टेहळ्यानं पुन्हा परत केलं.

टेहळ्या म्हणजे मचाणावरचा यंत्रमानव. उंचीला नकुलच्या खांद्याएवढा, चार डोळे, एक कान, आणि पाठीवर सूर्यपत्रा (उन्हापासून वीज बनवणारी पाटी). जगभरच्या जंगलांत वणव्यांवर नजर ठेवणारी अशी कित्येक मचाणं होती आणि प्रत्येकावर एक यंत्र आणि एक माणूस बसायचा. सगळ्यांचे अहवाल एकाच संगणकी जाळ्यात जायचे, म्हणून ते इंग्रजीत. आधी भाषांतराचं काम यंत्राकडे होतं. पण घाईत यंत्र 'वाटतंय' आणि 'दिसतंय' गिळून टाकायचं आणि सरळ 'आहे' लिहून मोकळं व्हायचं. मग नियम झाला, की ज्यानं पाहिलं त्यानंच लिहायचं. चुकतमाकत का होईना, स्वतः.

नकुलचं इंग्रजी शाळेत कमी आणि मचाणावर जास्त झालं होतं. म्हणजे बरंचसं आपलं आपणच.

"लुक्स ग्रे चालते, मंग लुक्स स्मोक काहून नाई चालत?" तो वैतागला. "धूर दिसतोय! लुक्स म्हणजे दिसते, स्मोक म्हणजे धूर. झालं की!"

"आपल्या भाषेतलं 'दिसणं' दोन कामं करतं," टेहळ्या म्हणाला. तो नेहमी पुस्तकी बोलायचा. "'धूर दिसतोय' म्हणजे धूर तुझ्या नजरेला पडतोय. 'डोंगर करडा दिसतोय' म्हणजे डोंगराचं रूप तसं आहे. 'लुक' हे दुसरंच काम करतं. पहिल्यासाठी 'आय सी स्मोक' म्हणावं लागेल. पण तुला नक्की धूर दिसतोय का?"

"धुरासारखं काहीतरी."

"हे बघ, तूच म्हणालास, 'सारखं'. आता मला सांग, करडा हे काय आहे?"

"रंग."

"म्हणजे विशेषण (गुण सांगणारा शब्द). रंग तुझ्या डोळ्यात थेट येतो. मध्ये काही नाही. म्हणून 'लुक्स ग्रे.' पण धूर हे नाम आहे (वस्तूचं नाव). नाव डोळ्यात येत नाही. डोळ्यात येतो रंग, आकार, हालचाल. 'हा धूर' असं तू डोक्यात ठरवतोस. डोळा या काठावर आणि नाव त्या काठावर. मध्ये नाला आहे."

"मंग?"

"इंग्रजी त्या नाल्यावर ओंडका टाकते. त्याचं नाव 'लाइक'. 'इट लुक्स लाइक स्मोक.' आपण तोच ओंडका शब्दाच्या मागे जोडतो. धुरासारखं."

तेवढ्यात शिडी करकरली आणि फुलवंता वर आली. फुलवंता कुमरे, सगळ्यांची फुलो. नकुलच्याच वर्गातली, आणि त्याची सगळ्यात जवळची मैत्रीण. पानाच्या द्रोणात तिनं ताजी मोहफुलं आणली होती. मनगटाला लाल फडकं बांधलेलं होतं.

त्या लाल फडक्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

गावातले लोक मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पालापाचोळा साफ करतात, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. पूर्वी सरसकट जाळायचे. आता ग्रामसभेनं ठरवलं होतं, की पाला झाडून ढीग करायचा, भोवती ओली माती टाकायची आणि माणूस उभं करून तेवढाच ढीग पेटवायचा. मग मचाणावरून धूर दिसला की तो गावाचा जाळ की खरा वणवा, हे कळायचं कसं? खोऱ्यात फोन लागत नव्हता. टेहळ्या उपग्रहाशी बोलायचा, पण खाली मोहाखाली काही पोचायचं नाही. टेहळ्याला भोंगा लावायलाही गावाच्या समितीनं नकार दिला होता. भोंग्यानं अस्वलं बिथरतात.

पण माणसाचा आवाज पोचायचा. म्हणून हाळी. मचाणावरच्यानं कठड्याशी जाऊन ओरडायचं, "हूऽऽ ओ!" आणि खाली लाल फडकेवाल्यानं उत्तर द्यायचं, "ओऽऽ, आपलाच जाळ!" शंभर मोजेपर्यंत उत्तर आलं नाही, तर तिथं कुणी नाही आणि आग मोकाट आहे असं समजायचं. टेहळ्याच्या काचेवर 'हाळीला उत्तर नाही' अशी खूण करायची. खूण झाली की डोंगरापलीकडून विझवे निघायचे, म्हणजे आग विझवणारे ड्रोन.

त्या वर्षी उत्तर द्यायचं काम फुलोकडे होतं. मुलीला ते पहिल्यांदाच मिळालं होतं आणि ती ते फडकं झोपतानाही सोडत नसे.

"काय शिकून राहिला गा?" तिनं विचारलं.

"लाइक," नकुल तोंडात फूल टाकत म्हणाला.

टेहळ्याला शिकवायला दोघं मिळाल्यावर तो सुटलाच. "'साउंड', 'स्मेल', 'फील', सगळ्यांना वस्तूपाशी जायला हाच ओंडका लागतो. 'स्मेल्स लाइक मोह.' मोहासारखा वास येतोय. 'अपीअर' जरा ऐटबाज आहे, त्याला 'टु बी' लागतं. 'इट अपीअर्स टु बी स्मोक.' 'सीम' या दोन्ही ओंडक्यांवरून चालतो. आणि एक गंमत. 'यू सीम अ गुड बॉय.' इथं ओंडका नसला तरी चालतं. 'बॉय' तर तू आहेसच, त्यात शंका नाही. 'सीम' बोलतंय ते 'गुड'बद्दल, आणि तो गुण आहे. पण 'यू सीम अ डॉक्टर' म्हटलं तर कानाला खटकतं."

"अजून एक उदाहरण दे," फुलो म्हणाली.

टेहळ्यानं क्षणभर विचार केला. "काल नकुलनं हाळी दिली. 'ही साउंडेड लाइक अ पीकॉक.' मोरासारखा आवाज आला."

फुलो इतकी हसली की द्रोण उलटला.

नकुलही हसला. पण ते हसू नुसतं तोंडाचं होतं. त्याचा आवाज महिनाभर फुटत होता. बोलताना मधेच खाली जायचा, ओरडताना वर जाऊन फाटायचा. फुलोनं ते खाली जाऊन सांगितलं असणार, कारण संध्याकाळी नदीवर तीन पोट्टे त्याला बघून मोरासारखं "म्यॅऽऽओ!" करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा होता. पाला उडून मचाणावर येत होता. नाल्याच्या बाजूला करड्या रंगाचा एक खांब उभा राहिला.

नकुलनं लिहिलं, 'इट लुक्स लाइक स्मोक.'

"बरोबर," टेहळ्या म्हणाला. "आता हाळी."

नकुल पूर्वेच्या कठड्याशी गेला. खालून बायकांचं बोलणं, हसणं वर येत होतं. कशाला हसत होत्या कोण जाणे. त्यानं तोंड उघडलं. छाती भरून घेतली. आणि त्याच्या कानात "म्यॅऽऽओ" वाजलं.

त्यानं तोंड मिटलं.

तिथंच उभं राहून त्यानं मनातल्या मनात शंभर मोजले. नीट मोजले, एकही आकडा गाळला नाही. मग परत आला आणि काचेवर खूण केली. हाळीला उत्तर नाही.

स्वतःला त्यानं काय सांगितलं माहितीये? 'लाइक' हा घाबरट शब्द आहे. दुसऱ्या मचाणांवरची पोरं कशी बेधडक 'इज' लिहितात. त्यानं 'लाइक' खोडला आणि लिहिलं, 'देअर इज अ फायर. नो वन इज विथ इट.' आग आहे. तिच्यापाशी कुणी नाही.

सहा मिनिटांत विझवे आले.

नऊ होते. चकाकणारे, एकदम सुंदर. नकुलला क्षणभर आनंदच झाला. मग त्यांनी गुलाबी फेस सोडला.

पाल्याच्या ढिगाची आग तर विझलीच. पण फेस अकरा मोहांवर पडला, टोपल्यांत पडला, आणि खडकावर वाळत घातलेल्या पंधरा दिवसांच्या फुलांवर पडला. कुणाला इजा झाली नाही. फुलोची आजी बायजाबाई मात्र डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी झाली आणि तशीच खाली बसली. लुगड्याच्या पदरानं ती एकेक फूल पुसायला लागली. साबणाचा वास काही जाईना. मचाणावरून नकुलला ते सगळं दिसत होतं. ते 'सारखं' नव्हतं. ते तेच होतं.

फुलो धापा टाकत वर आली. केसांत फेस.

"नकुल, हाळी देली होती तू?"

अजूनही वेळ होती. एक शब्द पुरला असता.

"हो," नकुल म्हणाला.

"कितींदा?"

"दोनदा."

तिनं उजव्या कानाशी टाळी वाजवली. मग डाव्या कानाशी. मग पुन्हा डाव्या कानाशी, हळू.

"मी तिथंच होती गा," ती म्हणाली. "ढिगापाशीच. मले आयकू काहून नाई आलं? आजीचे कान असेच गेले ना. तिले पण आधी कळलं नव्हतं." तिनं डोळे पुसले, फेस डोळ्यात गेला, आणि तिला अजूनच पाणी आलं. "दुपारी समिती बसणार आहे. फडकं दुसऱ्याले देतील. बरोबरच आहे. बहिऱ्याले कोण ठेवन?"

ती गेली. शिडीच्या प्रत्येक पायरीवर थांबून ती कान देत होती. पायरी करकरते की नाही, ते बघत होती.

नकुल खाली बसला.

"तुले माहीत आहे," तो टेहळ्याला म्हणाला. "तुह्या कानात सगळ्याची नोंद होते."

"माझ्या कानात तुझी हाळी नाही," टेहळ्या म्हणाला. "पण सकाळपासून माझ्या कानात पाला अडकलाय, आणि तेव्हा माझे चारही डोळे धुराकडे होते. म्हणून 'नकुलनं हाळी दिली नाही' असं मी लिहू शकत नाही. 'हाळी दिल्यासारखं ऐकू आलं नाही' एवढंच लिहीन."

"म्हणजे तू बी घाबरते. लाइक लावते."

"घाबरून नाही." टेहळ्याचे चारही डोळे त्याच्याकडे वळले. "काल मी तुला ओंडका शिकवला, पण तो कशासाठी ते सांगायचं राहिलं. चूक माझी. नीट ऐक. 'दिसतंय', 'वाटतंय', 'ऐकू येतंय', ही सगळी क्रियापदं एक मोजमाप सांगतात. मी किती लांब गेलो. 'लुक्स लाइक स्मोक' म्हणजे मी डोळ्यापर्यंत गेलोय. पुढचा नाला मी ओलांडलेला नाही, कुणीतरी जाऊन बघा. त्यात लाज नाही. उलट पुढच्या माणसाला रस्ता मिळतो. 'इज' म्हणजे मी त्या काठावर जाऊन आलोय. तू गेला होतास?"

"नाई."

"हाळीसुद्धा गेली नव्हती. मला असं वाटतंय. वाटतंय म्हणतोय मी."

वारा थांबला होता. टेहळ्याच्या कानातून एक सुकं पान खाली पडलं.

"मंग समितीले काय सांगशील?"

"जेवढं माझ्याकडे आहे तेवढं. मी या काठावर उभा आहे, नकुल. हाळी दिली का, या प्रश्नाच्या त्या काठावर सबंध जगात एकच माणूस जाऊन आलाय."

दुपारी समिती बसली. समितीचे प्रमुख दामाकाका, बायजाआजी, दहा-बारा बायामाणसं आणि ते तीन पोट्टे. दामाकाकांनी टेहळ्याचा अहवाल वाचला.

"दिल्यासारखं आयकू आलं नाई, असं म्हणते यंत्र. कान भरला होता त्याचा." त्यांनी कागदाची घडी घातली. "म्हणजे पोरानं देली असंल. वारा होता."

"देलीच असंल," बायजाआजी म्हणाली. तिच्या कानामागे अजून गुलाबी होतं. "पोरगा चांगला दिसते. तो काहून खोटं बोलन?"

चांगला दिसते. यू सीम अ गुड बॉय. नकुलला वाटलं, जमीन दुभंगावी, निदान फेस तरी यावा वरून.

फुलो उठली. दातानं गाठ सोडवून तिनं मनगटाचं फडकं काढलं. ते रोजच्या घामानं मनगटावर लाल रंग सोडून गेलं होतं. फडकं दामाकाकांकडे देताना ती म्हणाली, "मले आयकू नाई आलं. माही चूक आहे."

"नाई!" नकुल ओरडला.

आवाज फाटला. वर गेला, मोरासारखा. एक पोट्टा खुदकन हसला.

"नाई," नकुल पुन्हा म्हणाला, आणि तो शब्दही अर्धा जाड आणि अर्धा बारीक निघाला. "मी हाळी देलीच नाई. कठड्याशी गेलो, तोंड उघडलं अन् मिटलं. शंभर मोजले खोटेखोटे. माह्या आवाजाले हासतात म्हणून. फुलोचे कान चांगले आहेत. तिले आयकू याले काही होतंच नाई तिथं."

हसणाऱ्या पोट्ट्यानं मान खाली घातली. बायजाआजीला नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून दामाकाकांनी तिच्या कानाशी वाकून ते सगळं परत सांगितलं. नकुलला ते दुसऱ्यांदा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

आजीनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. नवीन माणूस आला की बघतात तसं.

फुलोनं दामाकाकांकडून फडकं परत घेतलं, हातात धरलं आणि ती निघून गेली. त्याच्याकडे एकदाही न बघता.

समितीनं दोन गोष्टी ठरवल्या. फुलांचे दिवस संपेपर्यंत नकुलनं रोज अकरा मोहांखाली झाडायचं आणि वेचलेलं सगळं ज्यांची फुलं गेली त्या घरांना द्यायचं. आणि जाळ्यावरचा अहवाल त्यानंच, स्वतःच्या इंग्रजीत, दुरुस्त करायचा.

त्यानं लिहिलं: 'आय सॉ अ ग्रे थिंग. इट लुक्ड लाइक स्मोक. आय डिड नॉट कॉल. आय सेड आय कॉल्ड.' मला करडं काहीतरी दिसलं. ते धुरासारखं दिसत होतं. मी हाळी दिली नाही. दिली असं सांगितलं.

टेहळ्यानं एकही वाक्य परत केलं नाही.

संध्याकाळी लांबच्या कुठल्यातरी बर्फाळ देशातल्या मचाणावरून एका ओळीचं उत्तर आलं. तिथल्या मुलानं लिहिलं होतं, की त्याचाही आवाज फुटतोय आणि तोही मागच्या आठवड्यात गप्प बसला होता. पुढे आणखी चौघांनी तसंच काही लिहिलं. कालांतरानं जगभरच्या अहवालात एक नवा रकाना आला: 'तिथपर्यंत कोण गेलं?' तो अजून आहे. नकुलच्या चुकीमुळेच आला असं कुणी म्हणत नाही, आणि नकुलही तसं लिहिणार नाही. तसं वाटतं, एवढंच.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याच्या बाजूला पुन्हा करडा खांब उभा राहिला.

नकुल कठड्याशी गेला. त्यानं छाती भरली आणि ओरडला, "हूऽऽ ओ!"

आवाज जाड निघाला, मधे फाटला, वर गेला, खाली आला. दोन बगळे उडाले. खाली कुणीतरी हसलंच. नकुल मोजायला लागला.

वीस. चाळीस. उत्तर नाही.

साठ. सत्तर. काच तशीच होती, खुणेची जागा रिकामी.

नव्वद.

"ओऽऽ," खालून आवाज आला, "आपलाच जाळ!"

नकुलनं कठड्यावर डोकं टेकलं.

झाडायला खाली गेला तेव्हा फुलो मोहाखाली फुलं वेचत होती. मनगटाला फडकं होतं. तिनं मान वर केली नाही.

"नव्वदपर्यंत थांबली तू," नकुल म्हणाला.

"मुद्दाम थांबली. तुले कळावं म्हणून." तिनं एक फूल टोपल्यात टाकलं. "रात्रभर मी उशीवर बोट घासून बघितलं, आयकू येते का नाई म्हणून. तू सांगितल्यावर बी."

नकुलनं झाडणी घेतली आणि तो झाडायला लागला. एका मोहाखालचं झाडून झाल्यावर तिनंच विचारलं, "अजून बी मोरासारखाच येते आवाज. माहीत आहे ना?"

"सारखा," नकुल म्हणाला. "मोर नाई म्हटलं तू."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसल्यासारखा. हसली असं तो आजही सांगू शकत नाही.

"फुलो," तो म्हणाला, "जिथपर्यंत गेलो तिथपर्यंतचंच सांगीन. जिथं गेलो नाई, तिथं गेलो नाई म्हणीन. अन् हाळी दररोज देईन, आवाज फाटो का राहो. पोट्टे हासले तरी, तू हासली तरी. हे माहं तुले वचन."